गच्चीवरचा गालील समुद्र

नोहा हा बायबलमधला सगळ्यात शहाणा माणूस, असं भोंगासाहेबांचं ठाम मत होतं. आभाळात ढगाचा ठिपका नसताना जो गडी तारू बांधायला घेतो, जनावरांना जोडीजोडीने रांगेत उभं करतो आणि शेजारपाजारचे दात काढत असताना खिळे ठोकत राहतो, त्याला सेफ्टी ऑफिसर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? बाकी सगळा कारभार बेशिस्तच. लोटाच्या बायकोला शहराबाहेर पडताना ‘मागे वळून पाहू नका’ अशी स्पष्ट सूचना होती. तिने पाहिलं आणि ती मिठाचा खांब झाली. पेत्र अंगात लाइफ जॅकेट नसताना पाण्यावर चालायला उतरला. आणि मोशेने तर एवढा मोठा समुदाय बाहेर काढला, पण आधी एकदाही सराव घेतला नाही. मग चाळीस वर्षं वाळवंटात भटकावं लागलं, यात नवल ते काय?

भोंगासाहेब स्वतः रंगाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. मनात येईल तेव्हा, कुणालाही न सांगता, ते भोंग्याचं बटण दाबत आणि सगळा कारखाना हातातलं काम टाकून मैदानात येऊन उभा राहीपर्यंत घड्याळाकडे बघत बसत. नाव तेव्हाच पडलं. तोंडावर ‘साहेब’ आणि पाठीमागे ‘भोंगा’. निवृत्तीनंतर पुढचं-पाठीमागचं सगळं एक होऊन ‘भोंगासाहेब’ झालं आणि तेही त्याला ओ देऊ लागले. त्यांच्या अख्ख्या नोकरीत कारखान्यात आग म्हणून लागली नाही. याचा त्यांना अभिमान होता आणि, खरं सांगायचं तर, थोडंसं दुःखही होतं. जन्मभर तालमी कराव्यात आणि नाटकाचा पडदा कधी उघडूच नये, असं ते दुःख होतं.

तो पडदा उघडायची वेळ अचानक आली. चर्चमधल्या मंडळींनी पवित्र भूमीच्या यात्रेला जायचं ठरवलं. यरुशलेम, सीनायचा डोंगर, यार्देन नदी, गालीलचा समुद्र, सगळं एका झटक्यात. पाळकसाहेबांनी उपासना संपल्यावर जाहीर केलं, “प्रवास कंपनी म्हणते, गटाला एक प्रमुख हवा. तो पिवळा झेंडा घेऊन पुढे चालेल. तो थांबला की सगळ्यांनी थांबायचं, तो निघाला की निघायचं.”

भोंगासाहेबांचा हात वर गेला. दुर्दैवाने त्याच क्षणी आणखी एक हात वर गेला. तो त्यांच्याच इमारतीच्या सेक्रेटरींचा होता.

हे सेक्रेटरी म्हणजे सूचनाफलकावर जगणारे गृहस्थ. ‘जिन्यात चपला ठेवू नयेत’, ‘लिफ्टमध्ये थुंकू नये’, ‘सूचनाफलकावर सूचना लावू नयेत’. त्यांचं आणि भोंगासाहेबांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं, कारण दोघांनाही दुसऱ्यांना सूचना द्यायची हौस होती आणि इमारत एकच होती. पाळकसाहेबांनी दोन्ही हातांकडे पाहिलं. शांतताप्रिय माणूस. दोघांपैकी एकाला निवडलं तर दुसरा जन्मभर ‘आमेन’ म्हणणार नाही, हे त्यांना कळत होतं. ते म्हणाले, “बघू. प्रभू मार्ग दाखवील.”

प्रभूला त्रास कशाला, म्हणून भोंगासाहेबांनीच मार्ग दाखवला. “रंगीत तालीम घेऊ,” ते म्हणाले. “आमच्या इमारतीत. विमानतळापासून यरुशलेमपर्यंत सगळी. मी आखतो, मी घेतो. ती बघून तुम्ही ठरवा झेंडा कुणाच्या हातात शोभतो ते.”

घरी येऊन त्यांनी ही बातमी बायकोला सांगितली. त्यांची बायको म्हणजे साऱ्या इमारतीची मावशी. कुणाच्या घरी ताप असो, पाहुणे असोत, नळ गळत असो, पहिली हाक मावशींना. मावशी कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होत्या.

“अहो, मला त्या यात्रेत एकच गोष्ट हवी आहे,” त्या म्हणाल्या.

“बोल.”

“गालीलच्या काठावर एक संध्याकाळ बसायचंय मला.”

“बसून काय करणार?”

“बसणार.”

“ते कळलं. पण बसून—”

“बसूनच.”

भोंगासाहेबांनी कार्यक्रम आधीच आखला होता आणि त्यात गालीलसमोर ‘उतरणे, पाहणे, फोटो, चढणे’ असं होतं. “अगं, गट आहे हा,” त्यांनी समजावलं. “एक बसला की दुसरा बसतो. मग तिसऱ्याला भूक लागते. गालील काय पळून जातंय? बघायचं आणि पुढे जायचं.” लग्नानंतर पहिल्यांदा ते मावशींना समुद्रावर घेऊन गेले होते, तेव्हाही भरतीची वेळ जवळ आली म्हणून त्यांनी बायकोला वाळूत टेकू दिलं नव्हतं. मावशींनी हातातली चादर जरा जोरात झटकली. मावशी गप्प बसल्या की आपलं म्हणणं पटलं, असं भोंगासाहेब संसारभर समजत आले होते.

आता तालमीला जागा हवी, आणि जागेला सेक्रेटरींची परवानगी हवी. इथे घोडं अडलं. सेक्रेटरींनी नियमावली काढली. “गच्चीचा वापर तीन कारणांसाठी होतो. धार्मिक, सांस्कृतिक आणि दुरुस्ती. तुमचं काय?”

“धार्मिक,” भोंगासाहेब म्हणाले.

“मग लाउडस्पीकरची परवानगी लागेल.”

“लाउडस्पीकर नाहीये.”

“पण तुम्ही आहात.”

भोंगासाहेबांनी हा अपमान गिळला. झेंड्यासाठी माणूस काय काय गिळतो! शेवटी सेक्रेटरींनी एका अटीवर मान डोलावली. तालमीत विमानतळावरचा परदेशी अधिकारी त्यांनी स्वतः व्हायचं. कुणाला देशात घ्यायचं आणि कुणाला परत पाठवायचं, ते तो ठरवतो म्हणे. भोंगासाहेबांनी मोठ्या मनाने ही अट मान्य केली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल कुठला, हे पुढे यथावकाश कळेल.

बातमी इमारतभर झाली आणि सल्ल्यांचा पाऊस पडू लागला. चौथ्या मजल्यावर परदेशवाल्या काकू राहत. मुलीच्या बाळंतपणाला त्या एकदा परदेशी जाऊन आल्या होत्या. तिथे त्यांनी मुलीचं घर आणि कोपऱ्यावरचं दुकान याखेरीज काही पाहिलं नव्हतं, पण तेवढ्या शिदोरीवर त्या अख्ख्या पृथ्वीबद्दल बोलू शकत. “तिकडे डोंगर चढावे लागत नाहीत,” त्यांनी सांगितलं. “सरकते जिने असतात.” सीनायलाही का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “आता बसवले असतील.” गटातलेच एक दातांचे डॉक्टर होते. त्यांना फक्त उंटाची चिंता होती. “त्याच्या तोंडासमोर उभे राहू नका. त्या जबड्याची मला कल्पना आहे,” ते म्हणत. उंट त्यांनी जन्मात जवळून पाहिला नव्हता, पण जबड्याची कल्पना होती.

मधल्या मध्ये व्हिसाच्या फोटोने घात केला. प्रवास कंपनीच्या कचेरीतल्या मुलीने भोंगासाहेबांचा फोटो परत केला. “सर, तोंड मिटलेलं हवं.” त्यांनी दुसरा काढला. त्यातही तोंड उघडंच होतं. चूक त्यांची नव्हती. फोटोग्राफर दिवा चुकीच्या ठिकाणी ठेवत होता आणि प्लगची वायर पायात येत होती, ते त्याला सांगणं भाग होतं. तिसऱ्या वेळी मावशी बरोबर गेल्या आणि फोटोग्राफरच्या मागे उभं राहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. तो फोटो पास झाला. त्यात भोंगासाहेब कुणीतरी सायलेन्सर बसवल्यासारखे दिसत होते. मावशींचा स्वतःचा फोटो पहिल्याच फटक्यात पास झाला होता, पण त्याची कुणी चर्चा केली नाही.

तालमीचा दिवस उजाडला. गटातली सगळी मंडळी बॅगा घेऊन इमारतीच्या तळमजल्यावर जमली. पाळकसाहेब पिवळा झेंडा गुंडाळून काखेत धरून आले होते. तो बघून भोंगासाहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जिन्यासमोर टेबल टाकून सेक्रेटरी बसले होते. कोट, टाय, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण याच दिवसासाठी जन्म घेतला.

पहिल्या मावशी. “येण्याचं कारण?” सेक्रेटरींनी विचारलं.

“फिरायला आले बाबा.”

“या.”

मग भोंगासाहेब. “येण्याचं कारण?”

“पवित्र ऐतिहासिक स्थळांचं नियोजनबद्ध दर्शन आणि गटाचं सुरक्षित—”

“एका शब्दात सांगा.”

“एका शब्दात सांगता येणार नाही.”

“बाजूला उभे राहा.”

मागच्या सगळ्यांना सोडलं. दातांच्या डॉक्टरांना सोडलं. परदेशवाल्या काकू यात्रेला येणारही नव्हत्या, नुसत्या बघायला आल्या होत्या, त्यांनाही सोडलं. मग सेक्रेटरी पुन्हा भोंगासाहेबांकडे वळले. “बॅग कुणी भरली?”

“मी,” भोंगासाहेब ताठ मानेने म्हणाले. सुरक्षेच्या दृष्टीने हेच उत्तर बरोबर असतं, हे त्यांना माहीत होतं.

“आत काय आहे?”

आता आली का पंचाईत! बॅग मावशींनी भरली होती. आजवरच्या सगळ्या बॅगा मावशींनीच भरल्या होत्या. “कपडे,” ते म्हणाले.

“कोणते?”

“माझे.”

सेक्रेटरींनी चेन ओढली आणि एकेक वस्तू वर धरून विचारायला सुरुवात केली. गुडघ्याचे पट्टे निघाले. पोटाच्या गोळ्या निघाल्या. कान झाकणारी लोकरी टोपी निघाली. भला मोठा निळा टॉवेल निघाला. “हा कुणाचा?” भोंगासाहेबांनी तो टॉवेल आयुष्यात पाहिला नव्हता. सगळ्यात तळाशी एक पुडी होती, तिच्यावर मावशींच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘चिडल्यावर खायला’. आत आल्याच्या गोळ्या होत्या.

“प्रवेश नाकारला,” सेक्रेटरी म्हणाले, आणि शिक्का नव्हता म्हणून त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

ज्याने तालीम आखली त्यालाच देशात घेत नाहीत! भोंगासाहेबांनी रागाच्या भरात दोन आल्याच्या गोळ्या तोंडात टाकल्या. शेवटी पाळकसाहेबांनी मध्यस्थी केली आणि ‘वैद्यकीय कारणास्तव’ त्यांना आत सोडण्यात आलं. त्यांच्या प्रतिष्ठेवर पडलेला हा पहिला ओरखडा. दुसरा उंटावर पडला. उंट म्हणजे सुताराकडून आणलेली लाकडी घोडी, तिच्यावर गादी. घोडीचा उंट व्हायला कुणाचीच हरकत नव्हती, घोडीची सोडून. उंटावरून सुरक्षितपणे कसं उतरावं, हे दाखवायला भोंगासाहेब चढले आणि अपेक्षेपेक्षा बरेच लवकर उतरले. दातांचे डॉक्टर धावत आले. दात सगळे शाबूत आहेत असं त्यांनी जाहीर केलं. मार कमरेला लागला होता.

मग सीनाय. लिफ्ट बंद आणि सगळ्यांनी जिन्याने गच्चीवर जायचं. भोंगासाहेबांचा दंडक असा की प्रत्येक मजल्यावर थांबून ग्लासभर पाणी प्यायचं, वाळवंटात शरीर कोरडं पडू द्यायचं नाही. गट कोरडा पडायला तयार होता. पाणी एकट्या भोंगासाहेबांनीच प्यायलं, प्रत्येक मजल्यावर, आदर्श घालून देण्यासाठी. वर पोचल्यावर ते गटशिस्तीच्या दहा आज्ञा वाचून दाखवणार होते. पोचल्यावर मागे वळून पाहतात तर फक्त मावशी आणि धापा टाकणारे पाळकसाहेब. बाकी अख्खा समुदाय चौथ्या मजल्यावर परदेशवाल्या काकूंच्या घरात शिरला होता. मोशे डोंगरावर गेला तेव्हा लोकांनी मागे सोन्याचं वासरू केलं. इथे त्यांनी चहा केला, एवढाच फरक.

“मी बघतो,” म्हणून पाळकसाहेब त्यांना आणायला खाली गेले. चहाचा वास वरपर्यंत येत होता. पाळकसाहेब परत आले नाहीत.

गच्चीवर मात्र भोंगासाहेबांचं नशीब जोरावर होतं. तिथलं वॉटरप्रूफिंग नुकतंच झालं होतं. गळतंय का हे बघायला कंत्राटदाराने कडेने सिमेंटचे बुटके बांध घातले होते आणि सगळ्या गच्चीभर घोटा बुडेल एवढं पाणी भरून ठेवलं होतं. ऊन उतरणीला लागलं होतं, वारा पडला होता, आणि त्या पाण्यात अख्खं आभाळ येऊन बसलं होतं. असा गालील समुद्र आयता मिळणं म्हणजे देवाचीच योजना. मावशी पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या.

“किती छान दिसतंय हो,” त्या म्हणाल्या.

“यार्देन कुठे आहे?” भोंगासाहेब म्हणाले.

“काय?”

“गालीलच्या दक्षिणेकडून यार्देन बाहेर पडते. नकाशात तसंच आहे. लोक वर आले की त्यांना यार्देनमध्ये पाय बुडवायचा सराव नको?”

“अहो, राहू दे.”

पण पालथ्या घड्यावर पाणी. दक्षिण जिन्याच्या दाराकडे होती. बांधाचं सिमेंट अजून पुरतं वाळलं नव्हतं. भोंगासाहेबांनी हातातल्या छत्रीचं टोक खुपसून एक छोटीशी खाच पाडली. यार्देन बाहेर पडली. आधी करंगळीएवढी, मग मनगटाएवढी, आणि मग बांधाचा एक तुकडाच निखळला आणि नदी दाराच्या उंबऱ्यावरून थेट जिन्यात गेली. पायऱ्यांवरून ती अशी काही खळाळत उतरली, की कुणी भाविकाने बघितलं असतं तर डोळ्यांत पाणी आलं असतं. परदेशवाल्या काकूंनी बघितलं, आणि आलंही. त्यांचा परदेशातून आणलेला गालिचा दाराशीच अंथरलेला होता. तिथून यार्देन तळमजल्यावर गेली आणि सेक्रेटरींच्या टेबलाखाली तिचा मृत समुद्र झाला.

मावशींनी बरोबर वर आणलेल्या बॅगेतला निळा टॉवेल काढून खाचेत कोंबला. पाणी थांबलं. तोवर जिन्यातून किंकाळ्या, बादल्या आणि सेक्रेटरींचा आवाज, असं सगळं एकदम वर येऊ लागलं होतं.

“कोणी फोडलं? कोणी फोडलं ते?” सेक्रेटरी खालून गरजत होते. “झेंडा? ह्या माणसाच्या हातात? अहो, यरीहोच्या भिंती पडल्या तशी आपली इमारत पाडेल हा!”

 झेंडा चालला, हे उघड होतं. पण जातिवंत सेफ्टी ऑफिसर शेवटच्या क्षणापर्यंत योजना बदलत राहतो. कार्यक्रमात एक बाब अजून उरली होती, ‘हरवलेला यात्रेकरू’. गटातला एक जण हरवतो, बाकीचे त्याला शोधतात. हरवलेल्याने ओरडायचं नाही, हलायचं नाही. त्यांनी विचार केला, लोकांचा राग उतरवायचा तर त्यांना काळजीला लावावं. चिडलेला माणूस शोधायला लागला की घाबरतो, आणि सापडल्यावर गळ्यात पडतो. हरवायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता. इतरांना ते नीट जमलं नसतं.

“मी आता हरवतो,” त्यांनी मावशींना सांगितलं.

“आता?”

“आताच.”

“कुठे?”

“ते सांगितलं तर त्याला हरवणं म्हणतात का?” असं म्हणून ते गच्चीच्या कोपऱ्यातल्या लिफ्टच्या मशीनच्या खोलीत शिरले. दारावर ‘धोका! आत जाऊ नये’ अशी पाटी होती. ती त्यांनीच लावायला लावली होती. दार ओढून घेतल्यावर क्षणभराने बाहेर खट्ट असा आवाज झाला. वाऱ्याने कडी पडली असावी, असं त्यांना वाटलं. त्यांनी दार ढकललं. हललं नाही.

हरकत नाही, शोधायला येतीलच.

कुणी आलं नाही. खाली पाणी उपसणं चाललं होतं. कुणीतरी बादल्या न्यायला लिफ्ट सुरू केली आणि भोंगासाहेबांच्या कानाशी ती अजस्र मोटर अशी काही धडधडली, की आजवर दुसऱ्यांना घाबरवणाऱ्या या माणसाने दोन्ही कानांत बोटं घातली. मोटर थांबली, आणि मग त्यांना दुसरी एक गोष्ट जाणवली. सीनायवर, प्रत्येक मजल्यावर, आदर्श घालून देण्यासाठी प्यायलेलं पाणी आता बाहेर पडायला वाट मागत होतं.

खोलीला एक जाळी होती. त्यांनी डोळा लावला. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं आणि समोर मावशी दिसल्या.

मावशींनी कुठूनशी प्लॅस्टिकची खुर्ची आणली होती. ती पाण्यात ठेवून त्या बसल्या. चपला काढल्या. साडी जराशी वर घेऊन पाय पाण्यात सोडले. मग त्यांनी काहीच केलं नाही.

भोंगासाहेब वाट बघत राहिले. आता उठेल, मग उठेल. मावशी उठल्या नाहीत. पाण्यातलं आभाळ पिवळं झालं, मग तांबूस झालं. मावशी पाय हलवत, आभाळाला सुरकुत्या पडत, मग त्या मिटेपर्यंत मावशी थांबत, आणि पुन्हा पाय हलवत. त्यांचा चेहरा भोंगासाहेबांना बाजूने दिसत होता. या बाईला ते इतकी वर्षं ओळखत होते. हा चेहरा ओळखीचा नव्हता. कुणाचं काही करायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही, कुठे जायची घाई नाही, असा तो चेहरा होता, आणि तो सुंदर होता. भोंगासाहेबांना एकदम गलबलून आलं. आपण हिला कधी बसूच दिलं नाही, हे त्यांना त्या काळोख्या खोलीत, तेलाच्या वासात आणि भरल्या पोटी, पहिल्यांदा स्वच्छ दिसलं.

तेवढ्यात जिन्याचं दार वाजलं. पाळकसाहेब वर आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, काखेत झेंडा.

“मावशी, साहेब कुठे आहेत?”

“हरवलेत,” मावशी म्हणाल्या.

“अजून सापडले नाहीत?”

“शोधते आहे ना मी,” मावशी खुर्चीतून तसूभरही न हलता म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी कपाळ पुसलं. “खाली सगळे सेक्रेटरींना झेंडा द्या म्हणतायत. मी थोपवून धरलंय. खरं सांगू? तालीम फसली, पण एवढी मेहनत दुसरं कुणी करणार नाही. साहेब आत्ता, या क्षणी खाली आले आणि काकूंच्या गालिच्याबद्दल दोन शब्द बोलले, तर झेंडा त्यांचाच. नाहीतर मला नाइलाजाने...”

जाळीच्या आत भोंगासाहेबांचं तोंड उघडलं. एक हाक, बस्स. हाकेच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. हाक मारली की दार उघडणार, झेंडा हातात येणार, आणि सगळ्यात आधी खालच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात जाता येणार. जन्मभराची तालीम आणि सध्याची निकड, दोन्ही एकाच हाकेच्या अंतरावर होत्या.

मावशींनी पाय हलवले. पाण्याला सुरकुत्या पडल्या.

हाक मारली तर ही उठणार. उठून कडी उघडणार, आपली पँट झटकणार, आल्याची गोळी देणार, खाली जाऊन काकूंचा गालिचा पिळणार.

भोंगासाहेबांनी तोंड मिटलं. व्हिसाच्या फोटोग्राफरला जे साधलं नव्हतं ते, कुणी ओठांवर बोट न ठेवता, त्यांनी आपणहून केलं.

“बरं,” पाळकसाहेब सुस्कारा सोडून म्हणाले. “मग प्रभूची इच्छा.” आणि ते झेंडा घेऊन खाली गेले. थोड्या वेळाने खालून टाळ्या ऐकू आल्या आणि पाठोपाठ सेक्रेटरींचं भाषण सुरू झालं. पहिलं वाक्य होतं, “झेंड्याला कुणी हात लावू नये.”

गच्चीवर पुन्हा शांत झालं. मग मावशी, मान न वळवता, साध्या आवाजात म्हणाल्या, “जास्त उकडतंय का हो आत?”

भोंगासाहेब दचकले. “तुला माहीत होतं?”

“कडी मीच लावली.”

“मला वाटलं वाऱ्याने—”

“वारा कुठे आहे?” मावशी म्हणाल्या. मग जरा थांबून, “पाळकसाहेब आले तेव्हा ओरडला का नाहीत? झेंडा गेला ना तुमचा.”

 सेफ्टी ऑफिसरच्या शब्दकोशात या प्रसंगासाठी सूचना नव्हती.

“तू बसली होतीस,” ते शेवटी म्हणाले.

मावशींनी तेव्हा मान वळवली. जाळीकडे, जाळीमागच्या एका डोळ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतही होत्या.

“उघडू?” त्यांनी विचारलं. “का थोडा वेळ बसू अजून?”

भोंगासाहेबांनी एका पायाभोवती दुसरा पाय घट्ट आवळला, एका हाताने मोटरचा खांब धरला आणि डोळे मिटून घेतले.

“बस की निवांत,” ते म्हणाले. “घाई कुणाला आहे?”